कॅरव्हॅन घेऊन काणकोणला जायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. आमची गाडी म्हणजे ट्रॅव्हलरवर बांधून घेतलेली छोटी कॅरव्हॅन. चार माणसं झोपतात, एक ओटा आहे, एक मोरी आहे. तिच्यातून आम्ही दर हिवाळ्यात काणकोणला जातो. त्यामुळे पुण्या-कोल्हापुरातल्या नातेवाइकांचे आणि त्यांच्या मित्रांचे फोन येतात, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. एकदाच सविस्तर लिहून ठेवते.

गोव्यात एवढे किनारे असताना काणकोणच का?

कारण तिथे अजून शांतता आहे. काणकोण हा गोव्याच्या दक्षिण टोकाचा तालुका. पोळेचा चेकनाका ओलांडला की कारवार. आगोंद, पाळोळे, पाटणे, राजबाग, तळपण, गालजीबाग हे किनारे एकामागोमाग एक आहेत, आणि मागे लगेच सह्याद्री उभा आहे. सकाळी समुद्र आणि दुपारी खोतीगावचं अभयारण्य, असा दिवस इथे सहज होतो. पाळोळ्याला आता गर्दी असते, ते खरं. पण तिथून थोडं दक्षिणेला सरकलं की सुरूच्या बनातल्या वाऱ्याचा आवाज ऐकू येतो.

कधी यावं?

नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत. रात्री एसीशिवाय झोप लागते, हा कॅरव्हॅनवाल्यांसाठी सगळ्यात मोठा मुद्दा. मार्चपासून दमट उकाडा वाढतो आणि पत्र्याची गाडी दुपारी भट्टी होते. जून ते सप्टेंबर पाऊस. किनाऱ्यावरच्या पर्यटकांसाठीच्या झोपड्या आणि शॅक त्याआधीच उतरवलेले असतात.

ऑक्टोबरबद्दल मी जरा सावध आहे. "पाऊस संपला की येतो" असं लोक म्हणतात, पण काणकोणात २ ऑक्टोबर २००९ ला अचानक पूर आला होता आणि घरंच्या घरं गेली होती. डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये अंतर फार थोडं आहे, त्यामुळे वर पडलेलं पाणी खाली यायला वेळ लागत नाही. ऑक्टोबरमध्ये आलात तर ओढ्याच्या किंवा नदीच्या काठाला गाडी लावून झोपू नका, आकाश कितीही निरभ्र असलं तरी.

गाडी चालवायला वेगळं लायसन लागतं का?

७,५०० किलोच्या आतली गाडी असेल तर कारचं, म्हणजे एलएमव्ही लायसन चालतं. व्यावसायिक गाडीसाठीही हेच पुरेसं आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलं. लायसनपेक्षा आरसी बुक नीट बघा. साध्या व्हॅनमध्ये सुताराकडून पलंग-ओटा बसवून घेतला आणि आरटीओत नोंद केली नाही, असं बरेच जण करतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही, आणि अपघात झालाच तर विमा कंपनी पहिलं बोट तिथेच ठेवते.

भाड्याने घेतली तर?

आपल्याकडे कॅरव्हॅन बहुतेक वेळा चालकासकटच मिळते. चालकाची झोपायची सोय काय, हे आधीच ठरवा. हा प्रश्न कोणी विचारत नाही आणि रात्री दहा वाजता तो माणूस पुढच्या सीटवर पाय दुमडून बसलेला असतो. त्याच्यासाठी गावात खोली घ्या.

स्वतः चालवायला मिळत असेल तर नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतील तरच ती भाड्याने चालवायला द्यायची गाडी. पांढऱ्या पाटीची कोणी "ओळखीत" देत असेल तर घेऊ नका. गोव्यात अशा गाड्या अडवतात आणि मग सुट्टी पोलीस ठाण्यात जाते.

कुठल्या रस्त्याने यावं?

पुण्या-कोल्हापूरहून आंबोली, सावंतवाडी, बांदा करून पत्रादेवीला गोव्यात शिरा. मुंबईहून राष्ट्रीय महामार्ग ६६ सरळ तिथेच आणतो. बेळगावहून चोर्ला घाट जवळ पडतो, पण वळणं अरुंद आहेत; मोठ्या गाडीला मी तो सुचवणार नाही. पुढे म्हापसे, पणजी, झुआरीचा नवा पूल, मडगाव, कुंकळ्ळी, बाळ्ळी, मग करमल घाट आणि खाली उतरलं की चावडी. चावडी म्हणजे काणकोणचं बाजाराचं गाव. मडगावपासून चावडी साधारण ३७ किलोमीटर.

करमल घाट लहान आहे, पण झाडीमुळे पुढचं वळण दिसत नाही आणि समोरून ट्रक येतात. दिवसाउजेडी उतरा. कॅरव्हॅनचा मागचा भाग लांब असतो, वळणावर तो बाहेर फेकला जातो. हे पहिल्या दिवशी लक्षात येत नाही.

मडगावहून असोळणे, बेतूल, काब द राम, खोला, आगोंद असा किनाऱ्याचाही रस्ता आहे. तो इतका सुंदर आहे की मोह होतो. कारने जरूर जा. कॅरव्हॅनने नको. चढ खडे आहेत, वस्तीतून रस्ता जेमतेम एका गाडीचा होतो, आणि समोरून बस आली तर मागे घ्यायची वेळ तुमच्यावर येते.

चावडीच्या पुढे माशेपर्यंत २०१९ साली सुरू झालेला मनोहर पर्रीकर बायपास आहे. तळपण आणि गालजीबाग या दोन्ही नद्या तो उंचावरून ओलांडतो. पुलावर थांबायला मनाई आहे, तेव्हा नदीचं मुख बघायचं काम शेजारी बसलेल्याने करावं.

गाडी किनाऱ्यावर लावून राहता येतं का?

नाही. वाळूवर वाहन नेणं गोव्यात बेकायदा आहे. किनाऱ्यावर उघड्यावर चूल मांडणं, दारू पिणं, बाटल्या फोडणं हेही पर्यटनस्थळांच्या संरक्षणाच्या २००१ च्या कायद्यात आणि त्याच्या दुरुस्त्यांत येतं. दंड जबर आहे. पण दंड नसता तरी मी हेच सांगितलं असतं. कोरडी वाळू तीन टनांची गाडी धरत नाही. चाक अर्धं रुतलं की काढायला गावातली दहा माणसं आपलं काम टाकून येतात.

मग कुठे राहायचं? कोणाच्या तरी आवारात. आम्ही करतो ते असं: पहिल्या दिवशी दुपारी दोनच्या आत चावडीला पोचायचं, गाडी बाजाराबाहेर लावायची, आणि रिक्षाने किंवा पायी गावात जाऊन विचारायचं. किनाऱ्यापासून अर्ध्या-एक किलोमीटरवर ज्यांच्या घराला मोठं अंगण आहे, ज्यांच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायच्या आहेत, अशी घरं पुष्कळ आहेत. एक खोली भाड्याने घ्यायची आणि गाडी अंगणात लावायची. खोलीत आजी-आजोबा झोपतात, न्हाणीघर वापरायला मिळतं, आणि आपण कोणाच्या तरी परवानगीने तिथे आहोत हे गावाला कळतं. रात्री काचेवर टॉर्च मारून कोणी उठवत नाही.

जागा बघताना तीन गोष्टी बघा. जमीन जांभ्याची, कडक असावी. लाल माती एका सरीनंतर साबणासारखी होते. गेटपाशी विजेच्या तारा किती उंचीवर आहेत ते आपल्या गाडीच्या टपाशी ताडून घ्या, एसीचा डबा धरून. आणि वर बघा.

वर काय बघायचं?

माड. माडाखाली गाडी लावायची नाही, सावली कितीही हवीहवीशी वाटली तरी. आमच्या दुसऱ्या वर्षी तळपणला वाळलेलं चुडत, म्हणजे माडाची झावळी, रात्री टपावर पडलं. आवाजाने मुलगी रडत उठली. सकाळी वर चढून बघितलं तर सोलर पॅनेलच्या काचेवर एका कोपऱ्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा गेल्या होत्या. ते फक्त चुडत होतं. नारळ असता तर पॅनेलवर भागलं नसतं. आंब्याखाली किंवा सुरूखाली लावा.

पाणी किती लागतं?

आमच्या टाकीत १०० लिटर मावतं. चार माणसांना खोलीतलं न्हाणीघर मिळालं तर ते तीन दिवस पुरतं. गाडीतच अंघोळ करायची तर एका माणसाला बादलीभर धरा, म्हणजे दीड दिवसात टाकी रिकामी. पाणी घरमालकांना विचारून विहिरीचं भरतो, प्यायचं वेगळं उकळून ठेवतो.

आणि वापरलेलं पाणी?

या प्रश्नासाठीच खरं तर मी हे सगळं लिहायला बसले.

आगोंदजवळ एका घरी आम्ही पहिल्यांदा उतरलो तेव्हा गाडी लावून झाल्यावर घरातली आजी बाहेर आली. तिने गाडी आतून बघितली, ओटा बघितला, नळ सोडून बघितला, आणि मग खाली वाकून गाडीच्या पोटाखाली बघत विचारलं, "तुमचें उदक खंय वता?" तुमचं पाणी जातं कुठे? मी म्हटलं, खाली नळी आहे, मातीत जातं. तिने मला हाताला धरून अंगणाच्या कडेला नेलं. उतारावर, वीस पावलांवर तिची विहीर होती. जांभ्याच्या कठड्याची, वर सुपारीची पानं पडलेली. शेजारची तीन घरं त्याच विहिरीचं पाणी प्यायची.

जांभा सच्छिद्र असतो. वर ओतलेलं खाली झिरपतं, आणि उताराने विहिरीकडेच जातं. साबणाचं, मसाल्याच्या तेलाचं, टूथपेस्टचं पाणी आम्ही तीन दिवस तिच्या विहिरीत सोडणार होतो, आणि ते आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

तेव्हापासून गाडीखाली ६० लिटरची सांडपाण्याची टाकी बसवून घेतली आहे. ती नसेल तर नळीखाली झाकणाचा कॅन ठेवा. भरला की घरमालकांना विचारा: न्हाणीचं पाणी जिथे जातं तिथेच ओतायचं. ते बहुतेक केळीच्या बुंध्याशी जातं, आणि केळीला घालायचं म्हणून आम्ही भांड्यांना साबण कमी आणि राख-नारळाची शेंडी जास्त वापरतो. ताटं आधी कागदाने पुसून घेतली की पाणीही निम्मं लागतं. भाड्याची गाडी घेताना मालकाला पहिला प्रश्न हाच विचारा की सांडपाण्याची टाकी आहे का. नुसती नळी बाहेर सोडलेली असेल तर दुसरी गाडी बघा.

संडासाचं काय?

खोली घेण्याचं निम्मं कारण हेच. गाडीत कॅसेटवालं असेल तर ते रात्रीच्या अडचणीपुरतं ठेवा. त्याची पेटी साधारण २० लिटरची असते, चार माणसांत दोन दिवसही टिकत नाही. रिकामी करायची ती फक्त संडासात, शोषखड्ड्याला जोडलेल्या. आणि त्यात टाकायचं निळं औषध फॉर्मल्डिहाइडचं नको; ते शोषखड्ड्यातले जिवाणू मारतं, मग घरमालकांचा खड्डा तुंबतो. सुरूच्या बनात खड्डा खणून ओतणारे लोक मी पाहिले आहेत. त्याच बनात सकाळी गावातली मुलं खेळायला येतात.

एसी बॅटरीवर चालतो का?

हिशेब साधा आहे. १२ व्होल्टची २०० अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी म्हणजे जेमतेम अडीच युनिट. टपावरचा एसी तासाला एक युनिटच्या आसपास खातो. दोन-अडीच तासांत खेळ खल्लास. पंखे, दिवे, मोबाइल आणि छोटा फ्रिज यांना मात्र तीच बॅटरी आणि ३००-४०० वॉटचं पॅनेल व्यवस्थित पुरतं. म्हणून तर हिवाळ्यात या म्हणते.

घराच्या प्लगवरून वीज घेणार असाल तर १५ अँपिअरचाच घ्या आणि अर्थिंग तपासणारा छोटा टेस्टर जवळ ठेवा. जुन्या घरांत अर्थिंग नसतं किंवा तार गंजलेली असते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून पत्र्याच्या गाडीला हात लावायची ती वेळ नव्हे. युनिटचे पैसे वेगळे द्या, ते मागायला लाजतात.

गॅस?

५ किलोचा छोटा सिलिंडर पुरे. गाडी चालू असताना रेग्युलेटर बंद, नेहमी. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. त्यामुळे सिलिंडरच्या कप्प्याला खालच्या बाजूला जाळी हवी. वरची खिडकी उघडी आहे म्हणून निर्धास्त राहू नका.

रात्री बाहेर दिवे लावून बसलं तर चालेल ना?

गालजीबाग आणि आगोंदला नको. या दोन्ही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात, साधारण नोव्हेंबर ते मार्च. मादी रात्री वर चढते, पायांनी खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू सारखी करते आणि परत जाते. वनखात्याची माणसं घरटी कुंपण घालून राखतात. ४५ ते ६० दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि ज्या बाजूला जास्त उजेड दिसेल तिकडे चालू लागतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर ती बाजू समुद्राची असते. तुमच्या गाडीच्या छपरीला लावलेली एलईडीची माळ समुद्रापेक्षा उजळ असली तर पिल्लं तुमच्याकडे येतात, आणि सकाळपर्यंत कावळे, कुत्री त्यांना सोडत नाहीत.

तेव्हा किनारा दिसेल अशा जागी बाहेरचे दिवे बंद, पडदे ओढलेले. लागलाच तर लाल टॉर्च. कासव दिसलं तर लांब बसून राहा, फ्लॅश मारू नका, मुलांना पाठीवर हात लावू देऊ नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते आहे. आम्ही एकदाच पाहिलं, गालजीबागला, पहाटे. मादी परत पाण्यात गेली होती. ओल्या वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकासारखी तिच्या पायांची खूण तेवढी होती. त्या खुणेशेजारी माझी मुलगी अर्धा तास गप्प बसून होती.

पोहायला सुरक्षित आहे?

जीवरक्षक असतील तिथे, ते असतील तेवढ्याच वेळात, लाल बावट्यापासून लांब. तळपण आणि गालजीबागला नदीच्या मुखाशी अजिबात नको: ओहोटीला नदी आणि समुद्र दोघं मिळून बाहेर ओढतात, वरून पाणी शांत दिसतं.

भरतीची वेळ काढायची आपल्याकडची जुनी रीत आहे: तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे. ही रीत मुंबईकडच्या वेळेशी जास्त जुळते. गोव्यात भरती थोडी आधी येते. अंदाजाला ती चांगली, पण पाळोळ्याच्या उत्तर टोकाला ओहोटीत चालत बेटावर जायचं असेल तर छापील वेळापत्रक बघूनच जा आणि पाणी चढायच्या आत परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जास्तच सांभाळा.

खायचं-प्यायचं काय?

गाडीत ओटा आहे म्हणून घरून आठवड्याचा शिधा भरून आणू नका. सकाळी पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवर भोंपू वाजवत येतो, त्याच्याकडून गरम पोई आणि उंडे हे गोव्याचे पाव घ्या. चावडीच्या बाजारात भाजी, नारळ, तांदूळ, मासळी सगळं मिळतं. खोल्याची, म्हणजे खोला गावची, मिरची मिळाली तर घ्याच. रंगाला लाल, तिखटाला बेताची, जीआय मानांकन मिळालेली. मासळी गाडीत तळू नका, तो वास गादीतून आठवडाभर जात नाही. तळपणला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढताना दिसली तर दोरीला हात लावा. ताजे तारले नाहीतर बांगडे पदरात पडतात, आणि दंड दोन दिवस दुखतात.

आजारी पडलं कोणी तर?

चावडीला सामुदायिक आरोग्य केंद्र आहे, मोठं काही असेल तर मडगावचं जिल्हा रुग्णालय. रुग्णवाहिकेला १०८. नेहमीची औषधं घरून आणा. खोल्याकडे मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून आपण कुठे उतरलोय ते घरी आधीच कळवून ठेवा.

समुद्राशिवाय बघण्यासारखं?

श्रीस्थळचं मल्लिकार्जुन मंदिर, पर्तगाळीचा मठ, काब द रामचा किल्ला, खोतीगावचं जंगल. चारही ठिकाणी गाडी अंगणातच ठेवून रिक्षाने किंवा भाड्याच्या स्कूटरने जा.

किती दिवस हवेत?

काणकोणात चार रात्री, त्याही एकाच ठिकाणी. रोज जागा बदलली तर रोज विचारणं, गाडी समतल करणं, वायर ओढणं यातच दिवस जातो.

परत निघताना काही?

सुका कचरा वेगळा बांधून पंचायतीच्या गाडीला द्या किंवा बरोबर घेऊन या. दारूच्या बाटल्या परवान्याशिवाय सीमेपलीकडे नेऊ नका, चेकनाक्यावर कॅरव्हॅन हमखास उघडायला लावतात. घरी पोचल्यावर गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा. खारी हवा चासीच्या सांध्यांत बसते आणि पुढच्या पावसाळ्यात गंज दिसतो.

घरमालकांना पैसे किती द्यायचे?

खोलीचं भाडं ठरलं असेल ते, विजेचे वेगळे, आणि अंगणाचे म्हणून काहीतरी वर. आगोंदच्या आजी अंगणाचे घेत नाहीत. त्यांना आम्ही डिचोलीहून पोहे आणि घरचा गूळ नेतो. मागच्या वेळी गाडी लावल्यावर त्या पुन्हा वाकल्या, खालची टाकी हाताने वाजवून बघितली, आणि मग घरात जाऊन आमच्यासाठी विहिरीची कळशी भरून आणली.